वरचा पंचम की खालचा पंचम?

युकुलेलेची ठरलेली जुळणी मोडावी का, त्याच्या तारा बदलाव्यात का, यावर माझं आणि दादाचं जमत नाही. दादा ठाण्यात शाळकरी मुलांना युकुलेले शिकवतो. मी तंबोऱ्यावर गाणं शिकले आणि युकुलेले माझ्याकडे बरंच नंतर आलं, त्यामुळे तारेचा स्वर गळ्याला जुळवून घ्यायचा असतो हीच माझी मूळची सवय. आमचं हे बोलणं इथे देते आहे, कारण दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

ज्यांनी हे वाद्य हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी एवढं आधी सांगते. वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडून मोजलं तर चार तारा अशा : जी, सी, ई, ए. सी म्हणजे पेटीची पांढरी एक. तिला सा मानलं तर तारा होतात प, सा, ग, ध. यातला पहिला प सा च्या खालचा नाही, वरचा आहे. सगळ्यात खालचा स्वर दुसऱ्या तारेवर असतो. वाद आहे तो या पहिल्या तारेवरून.

दादा : तू परत खालचा जी चढवलास. दारातूनच कळलं. युकुलेलेची लहान गिटार करून टाकलीस.

मी : मला गाण्याला साथ हवी आहे. माझी पट्टी पांढरी पाच. माझा सा 196 हर्ट्झचा, म्हणजे नेमका तो खालचा जी. तुझ्या उंच जीच्या वाद्यावर सगळ्यात खालचा स्वर मधला सी, आणि तो माझा मध्यम होतो. माझा सा त्या वाद्यात नाहीच! ज्या वाद्यावर गाणाऱ्याचा सा नाही त्याच्यासोबत गायचं कसं?

दादा : मग तार सोडून सा हलव. पांढरी चार धर, एफ. मोकळी सी झाली मंद्र पंचम, मोकळी ई शुद्ध निषाद, जी रिषभ, ए गंधार. बाराव्या पडद्यापर्यंत गेलीस तर तारसप्तकातला गंधारही हाताशी. मुखडा सा च्या खाली उतरून परत येणारी किती गाणी यात बसतात बघ. पेटीवाला गायकाप्रमाणे पट्टी बदलतो, प्रत्येक गायकासाठी नवी पेटी आणत नाही.

मी : वाजवण्यापुरतं हे उत्तर पक्कं आहे, आणि खालचा जी विकत घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हेच करून बघावं. पण माझा गळा एफला जाणार नाही. पेटीवाल्याकडे तीन सप्तकं असतात, याच्याकडे दोनही नाहीत. तंबोऱ्याचं उदाहरण घे. मर्दानी तंबोरा वेगळा, जनानी वेगळा. तारांची जाडी वेगळी, लांबी वेगळी. मिरजेचे कारागीर गळा कोणाचा हे विचारूनच तारा चढवतात. वाद्याने गळ्याशी जुळवून घ्यायचं, हे मी तिथून शिकले.

दादा : तंबोऱ्याचं नाव काढलंस तर मग त्याच्याच तारा मोज. मंद्र पंचम, जोडाचे दोन सा आणि शेवटी खरज. खालून वर चढत जातात का त्या? सगळ्यात खालचा स्वर शेवटी येतो आणि म्हणून ते आवर्तन संपत नाही, गोल फिरत राहतं. तारा चढत्या क्रमाने नसणं ही उणीव असती तर तुझा तंबोराही उणा ठरला असता. युकुलेलेचा वरचा पंचम तसाच आहे. दोन्ही कडेच्या तारा उंच, खालचा स्वर मध्ये. हात खाली फिरवलास तरी आधी उजळ स्वर वाजतो, वर फिरवलास तरी उजळच. खालचा जी लावलास की खाली जाणारा हात जड आणि वर येणारा हलका. हवाईच्या वादनातली ती उडती लय तिथेच बसते.

मी यावर थोडा वेळ गप्प होते. तंबोरा छेडताना खरज शेवटी येतो हे माझ्या बोटांना माहीत होतं, पण युकुलेलेच्या संदर्भात मी त्याचा विचार केला नव्हता. दादाने मग वाद्य घेऊन जी सोडला आणि लगेच ए सोडली. दोन स्वर शेजारचे, प आणि ध, पण तारा एकदम दोन कडांच्या. दोन्ही एकमेकांत मिसळून गुंजत राहिले. पुढचा नी त्याने ए वर, दुसऱ्या पडद्यावर घेतला, तेव्हाही तो प चालूच होता.

दादा : याला कॅम्पानेला म्हणतात. सुरावटीतला प्रत्येक स्वर शक्यतो वेगळ्या तारेवर घ्यायचा, म्हणजे आधीचा स्वर मरत नाही, पुढच्यात मिसळतो. सतराव्या शतकात स्पेनचा गास्पार सान्स गिटारवर हे करत होता, कारण तेव्हाच्या गिटारीच्या तारांचा क्रमही असाच उलटसुलट होता. अमेरिकेतल्या जॉन किंगने हेच तंत्र युकुलेलेवर आणून बाख वाजवला. खालचा जी लावून ते करायला जा. स्वर सगळे मिळतील, ती गुंज मिळणार नाही. तू खालचे मोजके स्वर कमावलेस आणि एक अख्खी वादनशैली सोडलीस.

मी : सोडली नाही, बाजूला ठेवली. तार परत चढवता येते. आणि वाद्याची मूळची जुळणी म्हणून तू जिचं नाव घेतोस ती मुळात कुठून आली? 1879 च्या ऑगस्टमध्ये रेवन्स्क्रॅग नावाचं जहाज मदेरा बेटावरची पोर्तुगीज माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांत राबायला आणलेली माणसं. त्यांत मानुएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे होते. त्यांच्या गावाकडे मशेती नावाचं चार तारांचं छोटं वाद्य होतं, ते डी, जी, बी, डी असं लावायचे. आणि रजाँव नावाचं पाच तारांचं थोडं मोठं वाद्य होतं. युकुलेलेने अंग मशेतीचं घेतलं आणि जुळणी रजाँवच्या चार तारांची. म्हणजे पहिल्याच पिढीत कोणीतरी एका वाद्याच्या तारा दुसऱ्याच्या अंगावर चढवून बघितल्या. तो प्रयोगच होता!

दादा : होता. आणि तो टिकला. हवाईच्या राजा कालाकौआने युकुलेलेला दरबारात जागा दिली, 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनातून ते साऱ्या अमेरिकेत पोचलं. टिकलेला प्रयोग आणि तुझा आजचा प्रयोग यांत फरक आहे.

मी : पण अमेरिकेत पोचल्यावर तरी ते सीमध्ये राहिलं का? 1920 च्या दशकातल्या छापील गाण्यांवर कितीदा ए, डी, एफ शार्प, बी अशी जुळणी दिलेली आहे. सगळं एक स्वर वर, म्हणजे सा पांढरी दोनला. कॅनडात जे. चाल्मर्स डोन यांनी हॅलिफॅक्सच्या शाळांमधून मुलांना युकुलेले शिकवलं तेही डीमध्ये. तुझ्यासारखेच शाळेतले शिक्षक, वर्गात मुलं तशीच, फक्त जुळणी दुसरी.

दादा : त्यांच्या सगळ्या वर्गाची जुळणी एकच होती ना? माझा मुद्दा तोच आहे. वर्गात एकाने सी जुळवला, दुसऱ्याने डी, तर संपलं. आज मुलांना जी पुस्तकं मिळतात, जे तक्ते मिळतात, ते जी-सी-ई-एचे. ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवलं की सी कॉर्ड वाजते. नऊ वर्षांच्या पोराला पहिल्या तासाला एका बोटात गाणं मिळतं. त्याच्या हातात वेगळी जुळणी दिली तर तक्ता खोटा ठरतो आणि त्याला वाटतं आपलंच चुकतंय. तुला प्रयोग करायचेत, कारण तुला आधीचं येतं. त्याला काहीच येत नाही.

इथे मला दादाचं म्हणणं मान्य करावं लागलं, आणि मी ते मनापासून करते. ज्याच्या कानात अजून कुठलीच जुळणी बसलेली नाही त्याला पाच जुळण्या दाखवणं म्हणजे त्याला एकही न देणं. पण पुढचं भांडण तारांचं होतं आणि तिथे दादा जरा ढिला होता.

दादा : आणि या सगळ्यात वाद्य खराब होतं. एका मुलाच्या वडिलांनी आवाज मोठा व्हावा म्हणून गिटारच्या स्टीलच्या तारा चढवल्या. थोड्याच दिवसांत घोडी वरच्या फळीवरून उचकटली.

मी : उचकटणारच. स्टील तारांच्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. तिच्या पोटात तो पेलायला पट्ट्या बसवलेल्या असतात. युकुलेलेची फळी पातळ, तिच्यावरचा ताण साधारण त्याच्या पाव हिश्शाइतका. नायलॉनच्या वाद्यावर स्टील नाही म्हणजे नाही, यात वाद नको. पण म्हणून बाकीच्या प्रयोगांना घाबरायचं कारण नाही, कारण ताण आधी मोजता येतो. मेर्सेनने 1636 मध्येच नियम मांडलाय. तीच तार एक स्वर चढवली तर ताण सव्वापट होतो. एक स्वर उतरवली तर ताण एक पंचमांशाने कमी. तीन पडदे चढवलीस, समजा ई वरून जी केला, तर ताण जवळजवळ दीडपट, तिथे थांबायचं. आणि पहिल्या तारेचा उंच जी पूर्ण एक सप्तक खाली हवा असेल तर? ताण चौथ्या हिश्शावर येतो, तार लोंबते, म्हणून तार बदलावीच लागते.

दादा : म्हणजे जाड तार. जाड तार जास्त टिकते ना, तुटत नाही?

मी : हाच समज मोडायला हवा. एका पदार्थाची तार, एका लांबीवर, कोणत्या स्वराला तुटेल हे जाडीवर ठरत नाही. जाड तार मजबूत असते खरी, पण तिला त्याच स्वरावर आणायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो. तुटायचा स्वर तोच. लांबी मात्र फार महत्त्वाची. मँडोलिनसारखं जी-डी-ए-ई लावून बघायचं कितीजणांच्या मनात येतं. सोप्रानो युकुलेलेवर, जिथे तारेची बोलणारी लांबी साधारण 34-35 सेंटिमीटर, तिथे तो उंच ई कसाबसा निभतो. मोठ्या टेनर युकुलेलेवर, 43 सेंटिमीटरला, त्याच स्वरासाठी तारेच्या धाग्यावरचा ताण दीडपटीहून जास्त. तिथे बारीक तार घेऊन उपयोग नाही. पदार्थ बदल, नाहीतर स्वर सोड.

दादा : आणि हे पदार्थ म्हणजे काय काय?

मी : हवाईत सुरुवातीला आतड्याची तार होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. मग इटलीच्या अक्विला कंपनीने आतड्याच्या घनतेच्या जवळ जाणारं नायलगट काढलं. आणि फ्लुओरोकार्बन, जे खरं तर मासेमारीतून आलं. गळाला लावतात ती तंगूस, पण नायलॉनची नाही, तिच्याहून जड. नायलॉनची घनता पाण्याच्या सव्वापटीहूनही थोडी कमी, फ्लुओरोकार्बनची पावणेदोन पटीच्या वर. जड असल्यामुळे तोच स्वर आणि तोच ताण ठेवून तार पाचव्या हिश्शाने बारीक घेता येते. बारीक तार जास्त लवचीक, म्हणून वरचे पडदे जास्त सुरेल लागतात आणि आवाजाला धार येते. खालच्या जीसाठी तर हे फारच कामाचं. साध्या नायलॉनचा खालचा जी उंच जीच्या दुप्पट जाड करावा लागतो, तो बोदा वाजतो. म्हणून बहुतेक जण नायलॉनवर धातूची बारीक तार गुंडाळलेली घेतात. ती भरदार वाजते, पण बोट सरकलं की करकरते.

दादा : पावसाळ्यात काय होतं ते सांगू का? जून आला की माझ्या वर्गातला निम्मा वेळ तारा लावण्यात जातो.

मी : कारण नायलॉन दमट हवेतलं पाणी पितं. फ्लुओरोकार्बन जवळजवळ पीत नाही. ठाण्या-मुंबईच्या पावसात तुझ्या वर्गाच्या सगळ्या वाद्यांना, जुळणी न बदलता, फक्त तारा बदलल्यास तर तुझा तो वेळ बराचसा वाचेल. हाही तारांचा प्रयोगच, आणि याने तुझा एकही तक्ता खोटा ठरणार नाही.

दादाला हे पटलं. त्याने एक अट मात्र घातली, आणि ती योग्य आहे. जाड तार नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत बसत नाही म्हणून लोक कानस घेऊन खाच रुंद करतात. पुन्हा बारीक तार लावायची वेळ आली की ती त्या खाचेत थरथरते, खरखर वाजते, आणि रुंद झालेली खाच अरुंद होत नाही. नवा नट बसवावा लागतो. त्यामुळे खाचेला हात लावायचा नाही, आहे त्या खाचेत बसेल तेवढ्याच जाडीवर प्रयोग करायचे, असं त्याचं म्हणणं.

मग मी त्याला माझी आवडती जुळणी ऐकवली. ए तार एक स्वर उतरवून जी केली. तारा झाल्या प, सा, ग, प. हवाईत गिटारच्या तारा अशा सैल करून वाजवण्याची मोठी परंपरा आहे, तिला की होआलू म्हणतात. 1830 च्या दशकात गुरं हाकायला मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर गिटार तिथे पोचली. हवाईच्या लोकांनी तिच्या खुंट्या सैल करून आपल्या गळ्याला मानवतील अशा जुळण्या बसवल्या, आणि कितीतरी घरांनी त्या घराबाहेर जाऊ दिल्या नाहीत. युकुलेलेवरची प-सा-ग-प ही त्यातलीच एक, टॅरो पॅच.

दादा : मोकळ्या तारांवरच कॉर्ड वाजते. एक बोटही नको. पण मग त्यात काय उरलं वाजवायला?

मी : कान उरला. आता स्वर लावायचं ॲप बंद कर. ॲपने लावलेला ग ऐकलास ना? आता सा छेडत ठेव आणि ग थोडा उतरव. अजून थोडा. थांब. आता दोन स्वरांमधल्या लाटा थांबल्या. तंबोऱ्याच्या खरजातून आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार हा. ॲपच्या ईपेक्षा सुमारे 14 सेंट खाली, अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. जी-सी-ई-ए लावताना तू हिरवा दिवा बघतोस, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे तारेवरचा प्रत्येक पडदा कामाला येतो. इथे मोकळी तार मुख्य, म्हणून ती कानाने लावायची मुभा मिळते.

दादा : पण ती ई तार आता सगळ्याच पडद्यांवर तेवढीच उतरी वाजणार.

मी : वाजणार. म्हणून त्या तारेवर पडदे कमी दाबायचे, सूर ए तारेवर घ्यायचा. प्रत्येक जुळणी काहीतरी देते आणि काहीतरी नाकारते. आणि मला हेही आवडतं की तुझी नेहमीची प, सा, ग, ध घेतली तरी त्यात भूपाच्या पाचांपैकी चार स्वर मोकळेच मिळतात, फक्त रिषभ दाबायचा. मालकंस मात्र त्यात अवघड, कारण तिथे पंचम नाही आणि गंधार-धैवत दोन्ही कोमल. मग मी काय करते? खालचा जी एक स्वर उतरवून एफ, ई च्या जागी दुसऱ्या पाकिटातली सी, ए उतरवून थेट एफ. झालं म, सा, सा, म. ए चा एफ म्हणजे चार पडदे खाली, ती तार जरा सैल पडते, पण छेडायला चालते.

दादा : ई च्या खाचेत सी तार बसली?

मी : फ्लुओरोकार्बनची बसली. नायलॉनची नसती बसली.

दादाने यावर मला कोलकात्याच्या देबाशिष भट्टाचार्य यांची आठवण करून दिली. त्यांनी मांडीवर ठेवून सळईने वाजवायचं चार तारांचं युकुलेले घडवून घेतलं, त्याला आनंदी नाव दिलं. दादाचा रोख असा की ज्याला वाद्याकडून वेगळं काही हवं असतं तो शेवटी वेगळं वाद्यच घडवतो, नेहमीच्या वाद्याची ओढाताण करत बसत नाही. माझं म्हणणं उलट आहे. नेहमीच्या वाद्याच्या तारा सैल करून, बदलून, पुन्हा लावून बघितल्याशिवाय आपल्याला नेमकं काय हवं आहे हे कळतच नाही. आनंदीसारखं वाद्य मनात येण्याआधी माणसाने हातातल्या तारांना पुष्कळ प्रश्न विचारलेले असतात.

एवढं बोलून झाल्यावर माझं मत असं झालं आहे. उंच जी हा युकुलेलेचा पाया आहे, दादाचं ते खरं. जो कोणी नवा शिकतो आहे त्याने पहिलं वर्ष तोच ठेवावा आणि मंद्रातले स्वर हवे असतील तर आधी सा हलवून बघावा. गाणाऱ्याने मात्र स्वतःची पट्टी कुठली हे पाहूनच जी वरचा की खालचा ते ठरवावं. पांढरी पाच किंवा त्याच्या आसपास गाणाऱ्या बाईला खालचा जी हवाच. आणि वाजवता येऊ लागल्यावर जुळणी न बदलणं म्हणजे हाताला एकच वाट ठाऊक ठेवणं, हे मी दादाला मान्य करायला लावणार आहे.

तुमच्याकडे युकुलेले असेल तर पैसे खर्च करू नका. ए तार एक स्वर उतरवा, ॲप बंद करा, सा वर कान ठेवून गंधार लावा आणि त्या प-सा-ग-प वर तुम्हाला येत असलेलं कुठलंही एक गाणं बसवून बघा. तारा बदलायच्याच असतील तर काढलेल्या तारा पाकिटात घालून वर त्यांची नावं लिहून ठेवा, नटला कानस लावू नका, आणि स्टील आणू नका.